भन्तेंच्या शेवया

माझ्या सासरी वाढताना पळी ताटाला टेकवावी लागे. वरून सोडलेलं चालत नसे. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी शाळेच्या घाईत सासऱ्यांच्या ताटात वरण वरूनच ओतलं. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजी ताटावरून उठले. हात धुतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला वाटलं, वरण खारट झालं असणार. सासूबाईंनी मला शेगडीपाशी बोलावून हळूच सांगितलं, "वरून नोको टाकत जाऊ वं बाई. पळी टेकवत जाय. त्याहिले वरून टाकलेलं पाहवत नाही."

"काहून?" मी विचारलं.

"नाही पाहवत," त्या म्हणाल्या आणि शेगडीत फुंकर घालू लागल्या.

कारण मला पुढे कळलं. मामाजी लहानपणी उमरेडकडच्या एका खेड्यात वाढले. गावात कुणाकडे कार्य असलं की आमच्या लोकांची पंगत गल्लीच्या पलीकडे, उकिरड्याच्या अंगाला बसायची. वाढणारा यायचा तो हात उंच धरून. पानाला आपला स्पर्श होऊ नये म्हणून भात वरून पडायचा, वरण वरून पडायचं, कधी पानात तर कधी मांडीवर. पाणीसुद्धा वरूनच, ओंजळीत. आणि वाढणं एकदाच. त्या पंगतीकडे वाढणारा दुसऱ्यांदा फिरकत नसे, त्यामुळे 'अजून वाढा' असं म्हणायची सोयच नव्हती. मामाजी पुढे नागपूरला आले, कापडगिरणीत लागले, छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव शांतपणे उचलून बाहेर नेले. गाव त्यांनी सोडलं ते सोडलंच. फक्त या दोन गोष्टी अंगात राहून गेल्या. पळी टेकलेली हवी, आणि काही झालं तरी दुसऱ्यांदा मागायचं नाही.

दुसरी गोष्ट मला फार छळायची. दिवसभर राबून आलेला माणूस, भूक चेहऱ्यावर दिसतेय, पण तोंड उघडणार नाही. सासूबाई त्यांच्या समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत वाढायच्या. त्यांचा अंदाज चुकला तर मामाजी अर्धपोटी उठायचे. मी मास्तरीण, महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायचे. पोरांनी हात वर करून मागावं, विचारावं, ही माझी शिस्त. घरात मात्र एवढा मोठा माणूस हात वर करत नव्हता. मला राग यायचा आणि त्या रागाचं काय करावं ते कळायचं नाही.

आमच्या वस्तीत एक विहार होता. वस्तीनेच बांधलेला. गिरणीची पाळी संपवून आलेल्या माणसांनी विटा वाहिल्या, बायकांनी पाणी भरलं, मामाजींनी दाराची चौकट स्वतः उभी केली. आत मूर्ती आली, बाहेर झेंडा लागला. पण भिक्खू नव्हता. मोठ्या पौर्णिमेला बाहेरून एखादे भन्ते यायचे, वंदना घ्यायचे, दोन नियम सांगायचे आणि संध्याकाळच्या गाडीने निघून जायचे. मग विहाराला पुन्हा कुलूप. ते कुलूप मामाजींच्या जिवाला लागायचं. ते म्हणायचे, "घर बांधलं अन् मानूसच नाही राह्याले."

येणाऱ्या भन्त्यांनी सांगितलेल्या नियमांपैकी एक नियम वस्तीत फार घट्ट रुजला. भिक्खू दुपारी बाराच्या आत जेवतो. त्यानंतर दुसरा दिवस उजाडेपर्यंत अन्नाचा कण नाही, फक्त पाणी. मामाजींना हा नियम अतिशय आवडला. आयुष्यभर खाण्यावरून अपमान झालेल्या माणसाला, खाण्यावर मात केलेला माणूस किती मोठा वाटत असेल, हे मी आता समजू शकते.

आणि मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जपानी भन्ते आले.

ते नागपूर बघायला आले होते. जिथे एवढ्या माणसांनी एकदम दीक्षा घेतली ती जागा बघावी आणि पुढे जावं, असा त्यांचा बेत होता. कुणीतरी त्यांना आमच्या विहारात आणलं, आणि ते राहिले. वयाने पन्नाशीच्या पुढचे, बुटके, चष्मा लावलेले. मोडकं हिंदी बोलायचे, सावकाश, शब्द शोधत. अंगावर काळं वस्त्र होतं. वस्तीला ते पटेना. भन्ते म्हणजे पिवळं चीवर. मामाजी महाल भागातल्या बाजारात गेले, पिवळं कापड आणलं, शिंप्याकडून शिवून घेतलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं. भन्त्यांनी ते कपाळाला लावलं. काळं वस्त्र घडी करून पिशवीत ठेवलं. त्यांना त्याचं काय वाटलं, हे कुणी विचारलं नाही. आम्ही इतके आनंदात होतो की विचारायचं सुचलंच नाही.

भोजनदानाच्या पाळ्या लागल्या. रोज एक घर. ज्याचा दिवस असेल ते घर पहाटेपासून कामाला लागायचं. वांग्याची भाजी, वर तेलाचा लाल तवंग, तिखट पाटोडी, मिरचीचा ठेचा, कुणी वडे, कुणी पुरणपोळी. आमच्याकडे प्रेम तिखटात मोजलं जातं. भन्ते मांडी घालून बसायचे, हात जोडायचे आणि भात खायचे. नुसता भात. रश्श्याला बोट लावायचे, डोळ्यांत पाणी यायचं, मग पाणी प्यायचे. बायका एकमेकींना सांगायच्या, "भन्ते लय साधे हायेत. भातावरच रायते."

मामाजी तोवर गिरणीतून निवृत्त झाले होते; साडेअकरापासून ते विहाराच्या दारात घड्याळ हातात घेऊन उभे राहायचे, जेवण उशिरा येऊ नये म्हणून. बारा वाजले की ताट उचलायचे, भांडी घासून पालथी घालायचे आणि विहाराच्या मागच्या छोट्या स्वयंपाकखोलीला कुलूप लावून किल्ली बंडीच्या खिशात टाकायचे. एखादा केळं घेऊन संध्याकाळी आला तर त्याला बाहेरूनच परत पाठवायचे. लोकांना अभिमानाने सांगायचे, "बाराच्या नंतर आपले भन्ते अन्नाकडे पाहत बी नाही." भन्ते तिथेच असायचे. ते हसून मान लववायचे.

हिवाळा गेला आणि भन्ते वाळू लागले. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. चीवराचे पदर जास्त गुंडाळावे लागत होते, गळ्याची हाडं वर आली होती. संध्याकाळच्या वंदनेला ते एक चपटं ढोलकं वाजवत, त्याचा ठेका मधेच चुकायला लागला. मग ऊन तापलं. नागपूरचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. चैत्रात एका संध्याकाळी वंदना चालू असताना भन्ते बसल्या जागी कलंडले. मामाजींनी त्यांना धरलं. नंतर घरी येऊन ते सासूबाईंना म्हणाले, "उचलून पायलं त काहीच वजन नाही. लेकरासारखे हायेत."

डॉक्टर आले. त्यांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, यांना इथली हवा मानवत नाही, उन्हाळा निघणार नाही, परत पाठवा. विहारात बैठक झाली. सगळ्यांनी माना हलवल्या. तिकिटाची सोय करायचं ठरलं. बैठक संपताच मामाजी उठले. घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. मी पाणी नेऊन दिलं.

"चालले भन्ते," ते म्हणाले. "पुन्हा कुलूप."

त्यांचा आवाज असा मी आधी ऐकला नव्हता. मला त्यांची कीव आली, आणि सासऱ्याची कीव यावी याची लाजही वाटली.

त्याच आठवड्यात आमच्याकडे शेवया होत्या. दर उन्हाळ्यात वर्षभराच्या शेवया घरीच करायच्या. गहू भिजवून, दळून, बारीक चाळून त्याचा मऊ गोळा मळायचा. बाजेवर तिरपा पाट टाकायचा. सासूबाई वर बसून तळहाताने तो गोळा पाटावर घासत, आणि खालून जो लांब धागा सुटे तो मी हातावर झेलून आडव्या काठीवर वाळत घालत असे. अंगणात सावलीला अशा काठ्यांची ओळ लागली होती आणि पांढऱ्या शेवया खाली लोंबत होत्या. त्या दिवशी भोजनदान आमच्याकडे होतं. विहारातल्या उकाड्यातून जरा सुटका म्हणून मामाजी भन्त्यांना हाताला धरून घरीच घेऊन आले.

भन्ते अंगणात आले आणि थांबले. काठीवरच्या शेवयांकडे बघत राहिले. मग पुढे होऊन त्यांनी एका शेवईला बोट लावलं, अगदी हलकं. चष्मा काढला, चीवराच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

"मेरी माँ," ते म्हणाले. "ऐसा ही. लकड़ी पर."

सासूबाई बाजेवरून उतरल्या. पिठाचे हात तसेच. "तुमच्याकडे बी करते काय भन्ते शेवया?" त्यांनी विचारलं. मी हिंदीत करून सांगितलं.

"करते हैं. माँ गरम पानी में देती थी. नमक का पानी, अदरक." ते शब्द शोधू लागले. "शाम को. बुख़ार में. ठंड में. रोज़ शाम को."

"शाम को," सासूबाईंनी तो शब्द पकडला. एवढी हिंदी त्यांना येत होती. त्या भन्त्यांकडे बघत राहिल्या, जशा मामाजींच्या चेहऱ्याकडे बघायच्या तशा. "भन्ते, विहारात... तुमच्या देशातल्या विहारात, संध्याकाळी जेवते काय?"

भन्त्यांनी मामाजींकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"खाते हैं. थोड़ा." ते म्हणाले. "उधर उसको खाना नहीं बोलते. औषधि बोलते हैं. शरीर चलना चाहिए, इसलिए."

मामाजी खांबाला धरून उभे होते. शेवटी मीच विचारलं, कारण मला गप्प बसवेना, "मग भन्ते, तुम्ही इतके महिने सांगितलं का नाही?"

त्यांना प्रश्न कळला. उत्तर देताना ते ओशाळल्यासारखे हसले. "आप लोग इतना मानते थे. बाबाजी इतना प्रेम से ताला लगाते थे." त्यांनी मामाजींकडे हात केला. "मैं मेहमान. आपका नियम अच्छा है. मुझे लगा, आदत हो जाएगी."

मामाजींनी खिशातून किल्ली काढली. ती सासूबाईंच्या पिठाच्या हातात ठेवली आणि बाहेर निघून गेले.

सासूबाई बाई मोठी धीराची. भन्ते जेवून गेल्यावर त्यांनी शेवयांचा पसारा तसाच टाकला आणि मला म्हणाल्या, "चाल. आज संध्याकाळी त्याहिले जेवू घालतो." मी म्हटलं, वस्ती काय म्हणेल? "आजाऱ्याले औषध द्याले कोनी घड्याळ पाहते काय?" त्यांनी विचारलं. "त्याहिनंच सांगितलं ना, औषध म्हनते म्हून. झालं त मग."

पहिल्या दिवशी त्यांनी शेवयांची खीर केली. शेवया म्हटलं की दूध आणि साखर, याशिवाय त्यांच्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. भन्त्यांनी ती खाल्ली, हात जोडले, पण चेहऱ्यावरून कळलं की हे ते नव्हे. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवयांना मोहरी, लसूण आणि मिरचीची फोडणी दिली. भन्ते खोकून खोकून लाल झाले. तिसऱ्या दिवशी भन्ते भिंतीला धरत उठले आणि विहाराच्या स्वयंपाकखोलीत येऊन एका पाटावर बसले. म्हणाले, "मैं बोलता हूँ, माँजी कीजिए."

त्यांनी आपल्या पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक काळी पट्टी काढली. वाळलेलं चामडं वाटावं अशी. समुद्रातलं गवत, त्यांच्या देशाहून आणलेलं. त्याचा बोटभर तुकडा कात्रीने कापून त्यांनी गार पाण्यात टाकायला सांगितला. बराच वेळ ते तसंच. मग मंद आचेवर ठेवून, उकळी फुटायच्या आधी तुकडा बाहेर. सासूबाईंनी विचारलं, "हेच टाकाचं होतं त काढलं काहून?" भन्ते म्हणाले, उसका काम हो गया. त्या पाण्यात मीठ, ठेचलेलं आलं आणि थोडा सोया सॉस. सोया सॉस माझ्या नवऱ्याने सदर भागातल्या एका चिनी हॉटेलवाल्याकडून मागून आणला होता, औषधाच्या बाटलीत.

शेवया वेगळ्या पाण्यात उकडायच्या. आणि उकडल्यावर, हे सासूबाईंना सहन होईना, गार पाण्यात धुवायच्या. शिजलेलं अन्न धुवायचं म्हणजे त्यांना ते मारल्यासारखं वाटत होतं. "अव बाप्पा, सारी चव गेली ना," त्या पुटपुटल्या, पण धुतल्या. धुतलेल्या शेवया वाटीत, वरून ते गरम पाणी, वर चिमूटभर कोथिंबीर. झालं. मसाला नाही, फोडणी नाही, कांदा-लसूण नाही.

भन्त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरून तोंडाला लावली. पाणी प्यायले. मग शेवया खाल्ल्या, मोठा आवाज करत, सुर्र सुर्र ओढत. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. इतक्या महिन्यांत या माणसाला जेवताना आवाज करताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी वाटी रिकामी केली आणि कपाळावर आलेला घाम पुसला. सासूबाईंनी उरलेलं पाणी चमच्याने चाखून पाहिलं. "आळनी हाय," त्या म्हणाल्या. "पन पोटाले बरं वाटते."

मी आजही घरात कुणी तापाने पडलं की तसंच करते. समुद्राचं गवत आता मिळतं म्हणतात, पण मला त्याची गरज पडत नाही. भन्त्यांची पट्टी संपत आली तेव्हा त्यांनी शेवटचा तुकडा कागदात घालून ठेवून दिला, आणि सासूबाईंनी त्यावर आपला तोडगा काढला. त्यांच्या माहेरी पावसाळ्यात रानात सात्या उगवतात, अळंबीच्या जातीच्या, त्या त्यांनी वाळवून ठेवलेल्या असायच्या. त्या भिजवून त्यांचं पाणी घेतलं. भन्त्यांनी चाखलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "यह नागपुर वाला." तेव्हापासून तेच.

भन्ते सुधारले. तिकिटाचं कुणी नाव काढलं नाही. वस्तीत थोडी कुजबूज झाली, पण सासूबाईंनी प्रत्येकीला औषधाची गोष्ट सांगितली आणि त्यांच्यापुढे कोण बोलणार? ढोलकं पुन्हा ठेक्यात वाजू लागलं. विहाराला कुलूप लागलं नाही. मामाजींना जे हवं होतं ते सगळं झालं होतं.

आणि मामाजींनी रात्रीचं जेवण सोडलं.

त्यांनी ते जाहीर केलं नाही. पहिल्या दिवशी म्हणाले, भूक नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, दुपारचंच जड झालं. मग काही म्हणेनासे झाले, ताट मांडलं की उठून ओट्यावर जायचे. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने त्यांची छाती आधीच खराब होती, रात्रभर खोकायचे. रिकाम्या पोटी खोकायचे ते ऐकवत नसे. एका सकाळी नळावर बादली उचलताना ते खाली बसले ते बसूनच राहिले.

सासूबाईंनी त्यांना त्या दिवशी सोडलं नाही. "अजी, काहून जेवून नाही रायले तुमी? सांगा आज," त्या त्यांच्यापुढे बसल्या.

"लहानपनी पंगतीत भुकेलं बसून उठाचं म्हंजे काय, ते मले मालूम हाय," ते म्हणाले. "अन् मीच त्याहिले भुकेलं ठेवलं. रोज. आपल्या हातानं कुलूप लावून. वरून लोकाइले कौतुक सांगत होतो."

"तुमाले मालूम होतं काय?"

"पाहाले पायजे होतं मी. तू पायते ना माह्या तोंडाकडं? मी एक दिवस नाही पायलं." खोकला आला, थांबला. "त्याहिचे जितके दिवस उपाशी गेले, तितके माहे बी जाऊ दे. अन् भन्तेले सांगजो नोको."

सासूबाईंनी खूप समजावलं. रडल्या, भांडल्या. पोट मारून कुणाचं पोट भरतं का, असं विचारलं. मामाजी हलले नाहीत. सासूबाई घाबरल्या होत्या, मी पाहत होते. हा माणूस मागत नाही तेवढं त्या आयुष्यभर सांभाळत आल्या होत्या. आता तो वाढलेलंही घेत नव्हता, आणि यापुढे त्यांच्याकडे काही उपाय नव्हता.

सांगू नको असं मामाजी म्हणाले होते ते सासूबाईंना. मला कुणी काही बजावलं नव्हतं, आणि बजावलं असतं तरी मी ऐकलं नसतं. शाळा सुटल्यावर मी सरळ विहारात गेले. भन्ते दारात झाडत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, आधी जेवण सोडल्याचं, मग ते का सोडलं ते, आणि मग ते समजावं म्हणून उकिरड्याकडेची पंगतही सांगितली, वरून पडणारा भात, दुसऱ्यांदा न येणारा वाढणारा. हिंदीत सांगताना माझाच आवाज चढला. भन्ते झाडू धरून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"घर में शेवई है?" त्यांनी विचारलं.

ते माझ्याबरोबर निघाले. संध्याकाळची वेळ, ओट्यांवर माणसं बसलेली. भन्ते या वेळी कुणाच्या घरी जात नसत, त्यामुळे लोक उठून उभे राहिले, हात जोडले. आमच्या दाराशी ते वाकले, चपला काढल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेले. सासूबाई गडबडून उठल्या. भन्त्यांनी खुणेनेच त्यांना बसायला सांगितलं. चीवराचा पदर खांद्यावर घट्ट खोचला आणि पिशवीतून तो कागद काढला. त्यात काळ्या पट्टीचा शेवटचा तुकडा होता. तो त्यांनी भांड्यात टाकला.

मामाजी आतल्या खोलीत बाजेवर पडले होते. त्यांना आधी कळलं नाही कोण आलंय. मी सांगितल्यावर ते धडपडत उठले. "काहून सांगितलं वं बाई," एवढंच मला म्हणाले. रागावण्याचंही त्राण नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यांनी पाहिलं की भन्ते शेगडीपुढे उकिडवे बसून शेवया धुतायत, आणि ते दाराला धरूनच खाली बसले.

भन्त्यांना घाई नव्हती. त्यांनी आलं ठेचलं, मीठ घातलं, चाखलं, पुन्हा थोडं घातलं. मग पितळेची मोठी वाटी भरली. ती घेऊन ते मामाजींसमोर आले आणि गुडघे टेकून बसले, त्यांच्या देशात बसतात तसे. मामाजी मागे सरकायला लागले. भिक्खूने उपासकाला वाढायचं, हे सगळं उलटं होतं. त्यांचे हात जोडलेले होते आणि सुटत नव्हते.

"भन्ते, तुमी नाही... मी वाढतो तुमाले..."

भन्त्यांनी वाटी खाली ठेवली. मामाजींचे जोडलेले हात आपल्या हातांनी सोडवले, त्यांचे तळवे उघडे केले, आणि मग वाटी उचलून त्या तळव्यांवर टेकवली. लगेच सोडली नाही. तिचं वजन मामाजींच्या हातात पुरतं येईपर्यंत त्यांची बोटं मामाजींच्या बोटांवर तशीच राहिली.

"औषधि," ते म्हणाले.

मामाजींनी वाटी तोंडाला लावली. पहिल्या घोटाला त्यांचे खांदे हलले. मी खिडकीकडे वळले, नाहीतर मला आवरलं नसतं. मागून शेवया ओढल्याचा आवाज येऊ लागला, आधी हळू आणि मग मोठा. भन्ते तसेच गुडघ्यांवर बसून होते, जाण्याची घाई नसलेल्या माणसासारखे. ते वाढून निघून गेले नाहीत.

वाटी रिकामी झाली. सासूबाई सवयीने मामाजींच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी पळी हातात घेतली आणि उठायला लागल्या.

मामाजींनी वाटी दोन्ही हातांनी भन्त्यांपुढे धरली.

"भन्ते," ते म्हणाले, "अजून थोडं वाढा."

सासूबाई पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.